धुतलेला ब्रश

पिकावर मावा पडला की जो तो फवारणीचा पंप शोधतो. गहू संशोधन केंद्रातले मामा मात्र हा तिळाएवढा किडा तीस वर्षं पगार घेऊन पोसत आले. मावा रोगट रोपावर चरू द्यायचा, ओल्या ब्रशाने उचलून कोवळ्या रोपांवर सोडायचा आणि त्याने आणलेल्या विषाणूला कोणतं रोप पुरून उरतं ते बघायचं. दोन दिवसांनी औषध मारून मावा संपवायचा, पण ते काम मामा दुसऱ्यावर ढकलत. पोसलेल्या जिवांवर त्यांचा हात चालत नसे.

तीस वर्षांत हजारो रोपं आली आणि झाडून सगळी पिवळी पडली. निवृत्तीआधी एक तरी हिरवं बघायचं, एवढीच मामांची इच्छा होती. दीड महिना उरला असताना अख्खा ट्रे हिरवागार राहिला. रानगवताशी संकर केलेली बारा रोपं, बाराही ताठ. शास्त्रज्ञ मॅडम एरवी हसण्यातही काटकसर करत. त्यांनी सगळ्यांना चहा पाजला.

मामा तरंगतच घरी आले.

"कुठला ट्रे म्हणे?" मामींनी वाढता वाढता विचारलं.

"तीन आठवड्यांपूर्वी सोमवारी मावा सोडला, त्यातला. त्या दिवशीचा पहिलाच."

"म्हणजे आदल्या रविवारी मी तुमचा ब्रश धुतला तेव्हाचा. शर्टाच्या खिशात होता. काय कळकट हो! साबणाने चांगला खसाखसा घासला."

मामांचा घास हातातच राहिला. साबणाने मावा मरतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? पहिल्या ट्रेवर त्यांनी नुसती मढी वाटली होती. पुढच्या ट्रेपर्यंत ब्रशात उरलेला साबण धुऊन गेला.

"गप्प बसलात तर कुणाला कळतंय?" मामी म्हणाल्या. ते खरं होतं, म्हणून तर मामांना धडकी भरली.

सकाळी त्यांनी सांगून टाकलं. "मॅडम, तो ट्रे खोटा आहे. बायकोने ब्रश साबणाने धुतला होता."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "पुन्हा मावा सोडा."

तीन आठवडे मामा त्या ट्रेकडे पाठ करून काचघरात शिरत. एकेक करत अकरा रोपं पिवळी पडली. सातवं मात्र ढिम्म. तपासणीतही विषाणूचा मागमूस सापडला नाही. मामा सवयीने त्याच्यावर पिवळा डाग शोधत राहिले, पण डोळे भरून आल्याने काही दिसेना. मॅडमनी रोपाच्या पाटीवर नाव लिहिलं, 'साबण-७'.

"राबलात तुम्ही आणि नाव साबणाचं?" मामी फणकारल्या.

निवृत्तीच्या दिवशी घरी येऊन मामांनी ब्रश मामींच्या हातात दिला. "धू आता खुशाल."

मामींनी तो तसाच, कळकट, काचेच्या कपाटात ठेवला.