एकट्याला पेलेल एवढं शीड

नौदलात असताना मी विंडसर्फिंग शिकलो. फळीवर उभं राहून शीड हातांत धरायचं आणि वारा नेईल तसं पाण्यावरून जायचं. निवृत्तीनंतर समुद्रापासून दूर, बेलापूर गावी घर केलं. बायको मुलीच्या बाळंतपणाला परदेशी गेली, ती नातवातच रमली. दिवसभर बोलायला कोणी नाही. एका सकाळी जुनी फळी, जुनं शीड टेम्पोत टाकलं आणि तासाभरावरचं मुळा धरण गाठलं.

ती फळी समुद्राच्या जोरदार वाऱ्यासाठी होती, अरुंद आणि छोटी. थंडीत धरणावर वारा अगदीच मंद. मी उभा राहिलो की फळी पाण्याखाली जाई आणि मी धपकन पडे. काठावर एक म्हातारे बाबा मासेमारीचं जाळं दुरुस्त करत बसले होते.

"सायेब, न्हाई चालत व्हय?"

"वारा नाही ना, बाबा."

"वारा हाय की! तुमाला पुरंना."

घरी येऊन गोव्यातल्या जुन्या सहकाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "मंद वाऱ्याला फळी रुंद हवी, अंगानं जाड. खाली मधोमध पातं असलेली घे, म्हणजे आडवी घसरत नाही. शीड साडेआठ चौरस मीटरचं."

"एवढं मोठं?"

"भिजलं की उचलायला जड जातं. बरोबर कोण असतं तुझ्या?"

"कोणी नाही."

"मग साडेसहाचं घे. हलकं. हळू जाशील, पण एकट्याला पेलेल."

महिन्याभरानं त्यानं सांगितलेली नवी फळी आणि शीड घेऊन धरणावर गेलो. शीड वर ओढलं, ते हळूच फुगलं आणि फळी सरकू लागली. तिच्याखाली पाणी झुळझुळत होतं. आनंदानं मी मोठ्यानं ओरडलो. उत्तर कुठून येणार? अर्ध्या तासानं पलीकडच्या काठाला लागलो. तिथं बाभळी आणि वाळलेला चिखल. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आणलेल्या फोनला रेंज नव्हती. थोडा वेळ बसलो आणि परत फिरलो.

"पल्याड पोचलात जनू," आजही काठावर जाळं घेऊन बसलेले बाबा म्हणाले. "कोन हुतं तिकडं?"

"कोणीच नाही."

"म्हून लगेच आलात व्हय?"

"बोलायला कोणीतरी हवं ना, बाबा." बाबांनी जाळं थोडं बाजूला सारून जागा केली. मी ओल्या कपड्यांनीच त्यांच्याशेजारी बसलो.