विचारून दिलेली शिक्षा

बोरी अरब गावच्या जोहराबीचा नवरा रहमत कापूस पिंजून गाद्या भरायचा. कापसाचा भाव मातीत गेला त्या वर्षांत एका दलालानं त्याच्या गळ्यात एक पोतं मारलं. वर पांढराशुभ्र कापूस, आत सडका. रहमतनं रागात त्याचं डोकंच फोडलं.

कोर्टात गुन्हा शाबीत झाला. शिक्षा सुनावण्याआधी जज्जसाहेबांनी विचारलं, "शिक्षेबद्दल काही सांगायचं आहे?" वकिलानं रडायला शिकवलं होतं. रहमत मात्र ताठ उभा राहिला.

"साहेब, गादीचं तोंड शिवायच्या आधी आमी गिऱ्हाइकाले आत हात घालून पाहू देतो. तुमी बी आधी इचारलं, बरं वाटलं. मारलं मीच. आता शिवा."

त्याला सहा महिन्यांची कैद झाली. जोहराबी मान वर करूनच गावात परतली, तशी पारावर बसलेले शेतकरी हसले, "नवरा जेलात गेला, अन् तू कायचा तोरा मिरवून राह्यली?"

जोहराबी थांबली. "गेला. पन कोर्टानं त्याले इचारून धाडलं. तुमच्या कापसाचा भाव ठरवतानी तुमाले कोनं इचारलं?"