तोंडावरचा टॉवेल

आमची सूनबाई मुलींच्या फुटबॉल संघाची ट्रेनर आहे. म्हणजे खेळ शिकवणारी नव्हे. मुरगळलेले घोटे बांधणारी, आखडलेले स्नायू मोकळे करणारी आणि "आज खेळायचं नाही" असं सांगून बोलणी खाणारी. मी उभा जन्म रंगभूमीवर काढला. टाळ्या माझ्या वाट्याला आल्या, बोलणी तिच्या.

तिची खोली मैदानालगत, जिन्याखाली. एक उंच बाक, बर्फाची पेटी, पट्ट्यांची भेंडोळी आणि मलमाचा नाकात झोंबणारा वास. कोपऱ्यातली डुगडुगती खुर्ची माझी.

अंतिम सामन्याच्या सकाळी कॅप्टन आली. मागच्याच आठवड्यात तिचा गुडघा पिरगळला होता. आल्या आल्या तिनं उड्या मारून दाखवल्या. "ताई, एकदम ठणठणीत! आजोबा, तुम्हीच सांगा."

"खडखडीत!" मी म्हणालो. काय हसू होतं तिचं! शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं असतं.

"बाबा, तुम्ही प्रेक्षक आहात, गप्प बसा." सूनबाईनं तिला बाकावर आडवं केलं, बूट-मोजे काढले आणि तोंडावर टॉवेल टाकला. ही तिची रीतच. चेहरा झाकायचा, गुडघा दाबायचा आणि नजर ठेवायची पायाच्या बोटांवर.

"बघा, काही दुखत नाही," टॉवेलखालून आवाज आला. इकडे बोटं मुठीसारखी आवळलेली.

"आज तू बाहेर."

"ताई, अशी संधी पुन्हा येते का?"

"आणि गुडघा येतो?"

संघ एका गोलानं हरला. सूनबाईशी कुणी बोललं नाही. घरी ती भांडी घासत राहिली, मी पुसत राहिलो.

"चुकलं का हो माझं, बाबा?"

मी हातातलं ताट खाली ठेवलं. "अगं, जन्मभर नाटकं केलेला मी फसलो. तू नाही फसलीस," मी म्हणालो.

पुढच्या मोसमात, पहिल्या सामन्याआधी कॅप्टन आली. उड्या न मारता थेट बाकावर आडवी झाली आणि टॉवेल स्वतःच तोंडावर ओढून घेतला. सूनबाईनं गुडघा दाबला, वाकवला, वळवून पाहिला. बोटं स्वस्थ. मग एकटा अंगठा डुलायला लागला.

"हे काय गं?"

"तुम्हाला सलाम, ताई!"

सूनबाई हसली आणि घाईघाईनं पट्ट्या आवरायला वळली. टाळ्या मी वाजवल्या, खुर्ची सोडून, उभं राहून.