शिपयार्ड पॉइंट

मर्लायनच्या, म्हणजे सिंहाचं तोंड आणि माशाचं धड असलेल्या पुतळ्याच्या, तोंडातून पाण्याची धार पडत होती आणि आमचा ग्रुप कठड्याला चिकटून फोटो काढत होता. ती धार आपण ओंजळीत धरलीय असा एक फोटो असतो. सिंगापूरला आलेला माणूस तो काढल्याशिवाय परत जात नाही. म्हसवडजवळच्या वस्तीवरून आलेले मायाप्पा तात्या मात्र त्या सगळ्याकडे पाठ करून पायरीवर बसले होते. शेजारी त्यांच्या पत्नी बायाक्का फोन हातात धरून रडत होत्या.

मी टूर मॅनेजर. साताऱ्यात बस सुटल्यापासून लोक घरी पोचेपर्यंत पासपोर्टपासून पोटदुखीपर्यंत सगळं माझ्याकडे. मी बायाक्कांजवळ जाऊन बसले.

"काय झालं, मावशी?"

"सिद्धूची उद्याची सुट्टी रद्द झाली. त्यो येत न्हाई."

सिद्धू त्यांचा मुलगा. साताऱ्यात आयटीआय करून शिरवळच्या एका कंपनीत वेल्डर म्हणून लागला आणि तिथून सिंगापूरच्या एका शिपयार्डात गेला. शिपयार्ड म्हणजे जहाजं बांधायचा आणि दुरुस्त करायचा कारखाना. दोनदा गावी यायचं ठरलं, दोन्ही वेळा रजा मिळाली नाही. शेवटी त्यानेच आई-वडिलांना आमच्या टूरवर पाठवलं होतं. रविवारी हॉटेलवर येऊन भेटतो म्हणाला होता. पण एक जहाज लवकर सोडायचं निघालं. ते सुटेपर्यंत सगळ्यांना डबल शिफ्ट. दुपारच्या जेवणाची सुट्टी तेवढी मोकळी, तीही यार्डाच्या गेटपर्यंतच.

"आवं, लेकरू ह्याच गावात हाय," बायाक्का म्हणाल्या, "आन् मी तोंड न बघता माघारी जाऊ व्हय?"

तात्या मान न वळवता म्हणाले, "मी सिंगापूर बघायला आलोय. मला कुनाला भेटायचं न्हाई."

ते का, हे बायाक्कांनी मला हळूच सांगितलं. सिद्धू परदेशी गेला तो वडिलांना न सांगता. सांगितलं असतं तर त्यांनी सोडलं नसतं. तात्यांना ते विमान उडाल्यावर कळलं. तेव्हापासून बापलेकात एक शब्द नव्हता. फोन यायचा, बायाक्का बोलायच्या, तात्या उठून मेंढरांकडे जायचे.

मी सांगलीला आमच्या सरांना फोन लावला. हेड ऑफिस तिथे आहे.

"सर, सोमवारी दुपारी मी त्या दोघांना टॅक्सीने मुलाकडे नेऊन आणते. तोवर ग्रुप लोकल गाइडकडे ठेवते."

"अजिबात नाही. तू ग्रुप सोडायचा नाहीस आणि त्या दोघांनीही सोडायचा नाही."

"सर, म्हातारी माणसं आहेत. पळून कुठे जातील?"

"नियम म्हातारपण बघून बदलत नाही. व्हिसा आपल्यामार्फत काढलाय."

सरांचं अगदीच चूक नव्हतं. पर्यटक म्हणून आलेला माणूस गायब झाला, तर व्हिसा काढणारी कंपनी अडकते. म्हणून आमच्या धंद्यात पहिला नियम एकच असतो: माणसं मोजत राहा, ग्रुप फुटू देऊ नका.

रविवारी सेंटोसा बेटावर गेलो. केबल कारमध्ये खाली समुद्र आणि जहाजं दिसत होती. सगळे किंचाळत होते. बायाक्का एकेका जहाजाकडे बोट दाखवून मला विचारत होत्या, "त्यातलं त्याचं कुठलं?" मला काय सांगता येणार? तात्या डोळे मिटून बसले होते. मी तिथेच ठरवलं की यांची भेट घडवल्याशिवाय विमानात बसायचं नाही. ग्रुप फुटू द्यायचा नाही ना? मग फोडायचाच नाही.

सोमवार शेवटचा दिवस. सकाळी बागेतले ते झाडांच्या आकाराचे उंच मनोरे, मग जेवण, मग शॉपिंग, संध्याकाळी एअरपोर्ट. बागेतून बाहेर पडून सगळे कोचमध्ये बसल्यावर मी माइक घेतला.

"आज दुपारचं शॉपिंग रद्द करायची परवानगी मागतेय. आपल्यातल्या दोघांचा मुलगा इथे शिपयार्डात काम करतो. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. त्याच्या जेवणाच्या सुट्टीत आपण सगळ्यांनी गेटपर्यंत जायचं. जेवण पार्सल घेऊ. एकानेही नाही म्हटलं तर जाणार नाही, कारण शॉपिंग तुम्हाला कबूल केलेलं आहे."

बायाक्कांनी पदर तोंडाला लावला. तात्या माझ्याकडे असे बघत होते, जणू मी त्यांना चव्हाट्यावर आणलंय. खरं तर आणलंच होतं.

सांगलीच्या आरवाडे काकू सगळ्यात आधी बोलल्या. हळदीच्या व्यापाऱ्यांच्या घरातल्या, स्पष्ट बोलणाऱ्या. "मॅडम, मी नातींना कबूल केलंय. मोकळ्या हाताने जाऊ का?"

"काकू, एअरपोर्टला दुकानं आहेत. तिथे मी स्वतः तुमच्याबरोबर फिरते."

"तिथे सगळं महाग."

मागच्या सीटवरून जंगम भाऊ उठले. महाबळेश्वरला त्यांची टॅक्सी आहे. "मॅडम, मी जल्मभर लोकान्ला पॉइंट दावत आलो. हितं येऊन तुमचे समदे पॉइंट बघितले. आता ह्यो शिपयार्ड पॉइंट बी होऊन जाऊ द्या." मग काकूंकडे वळून म्हणाले, "ताई, तुमचं पोरगं हितं असतं तर?"

काकू खिडकीकडे बघत म्हणाल्या, "चला. पण मी ऑफिसला तक्रार करणार."

"जरूर करा," मी म्हटलं.

कोचचा रूट बदलायला ग्राउंड हँडलरची परवानगी लागते. ग्राउंड हँडलर म्हणजे तिथला आमचा एजंट, बस-हॉटेल सांभाळणारा. तो आधी नाही म्हणाला. मी म्हटलं, संपूर्ण ग्रुपची मागणी आहे, तसं आत्ता मेसेज करून देते, जबाबदारी माझी. तेव्हा तो तयार झाला. बायाक्कांनी सिद्धूला फोन करून आम्ही येतोय ते कळवलं. सरांनाही मी तोच मेसेज टाकला. सरांचा फोन वाजायला लागला. मी उचलला नाही. उचलला असता तर ऐकावं लागलं असतं.

यार्डाच्या गेटवर पोचलो तर सिक्युरिटी गार्ड हात हलवत आला. इथे बस थांबवायची नाही. मी खाली उतरले, परिस्थिती सांगितली. तो म्हणाला, रूल इज रूल. मी म्हटलं, मान्य, मग कुठे थांबवायची ते तुम्हीच सांगा. त्याने जरा विचार करून पुढे कुंपणाजवळची जागा दाखवली आणि सिद्धूला तिकडे पाठवतो म्हणाला.

सिद्धू पळतच आला. अंगात निळी डांगरी, डोक्यावर हेल्मेट. बायाक्का कोचच्या दारातच त्याच्या गळ्यात पडल्या. कोचमधल्या बायका डोळे पुसत होत्या. तात्या सीटवरून हलले नाहीत.

सिद्धू वर चढला आणि त्या अरुंद वाटेत वाकून पाया पडला. तात्यांनी त्याचा दंड धरला. बाजारात मेंढरू पारखावं तसा खांद्यापासून मनगटापर्यंत हात फिरवला. मनगटावर बारीक काळे डाग होते.

"ह्ये काय?"

"ठिणग्या उडत्यात, आबा. वेल्डिंगच्या."

"दुखतंय?"

"तवा दुखलं. आता न्हाई."

तात्या काठी टेकून उठले. "चल. दाव तुजं काम."

कुंपणापलीकडे जहाज उभं होतं. पाण्याबाहेर काढलेलं, लाल बुडाचं, एखाद्या डोंगराच्या कड्यासारखं. आम्ही सगळेच खाली उतरून मान वर करून बघत राहिलो.

"ह्यात तू काय केलंस?" तात्यांनी विचारलं.

"बुडाचा पत्रा बदलला. त्यो तिकडचा भाग. एकदा पाण्यात उतरलं की दिसायचा न्हाई."

"पाणी शिरायचं न्हाई न्हवं?"

"न्हाई, आबा. तपासून घेत्यात."

"मग झालं," तात्या म्हणाले. आणि जहाजाकडेच बघत, "सांगून आला असतास, तर मी स्टँडवर सोडाय आलो असतो."

सिद्धूने मान हलवली. तेवढ्यात भोंगा झाला. बायाक्कांनी बाजरीच्या भाकरी आणि शेंगाचटणीची पिशवी त्याच्या हातात कोंबली. तो वळून वळून बघत गेला.

एअरपोर्टच्या वाटेवर ट्रॅफिक लागला. चेक-इनची रांग बंद व्हायच्या बेतात आम्ही पोचलो. फ्लाइट चुकली असती, तर ही गोष्ट मी तुम्हाला अशी सांगत बसले नसते. आरवाडे काकूंबरोबर दुकानांत मात्र मी फिरले. नातींसाठी बाहुल्या मिळाल्या.

काकूंनी तक्रार केलीच. सरांनी मला सांगलीला बोलावून धारेवर धरलं. "निकाल चांगला लागला म्हणून निर्णय बरोबर ठरत नाही," ते म्हणाले. मी म्हटलं, "बरोबर आहे, सर." पुढचा सगळा सीझन मला परदेशाची एकही टूर मिळाली नाही. बसमधून देवदर्शनाच्या सहली केल्या.

सिद्धू अजून तिथेच आहे. तात्या आता दर रविवारी स्वतः फोन लावायला सांगतात. बोलणं पाऊस, चारा आणि मेंढरांपलीकडे जात नाही, असं बायाक्का सांगतात. पण बोलतात.

यंदा परदेशाच्या टूर परत माझ्याकडे आल्या आहेत. बुकिंग घेताना मी एक प्रश्न जास्तीचा विचारते: तिकडे तुमचं कोणी असतं का? तो निघायच्या आधी विचारला, तर प्रोग्रॅम नीट बसवता येतो आणि सरांचे फोन उचलता येतात.