आठव्या दिवशीची सही

विद्यापीठाच्या चार नंबरच्या खिडकीमागे सव्वीस वर्षं एकच बाई बसत होत्या. विद्यार्थी त्यांना तोंडावर ‘मॅडम’ म्हणायचे आणि पाठीमागे ‘थांबबाई’. हे नाव त्यांच्या कानावर आलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते त्यांना आवडलंही होतं.

चार नंबरला काम एकच, शिक्षण सोडून जाणाऱ्यांचे अर्ज. बाकीच्या खिडक्या पोरांना चेंडूसारखं टोलवायच्या. हॉस्टेलवाले म्हणणार परीक्षा विभागात जा, तिथले म्हणणार समुपदेशकांना भेटा, आणि समुपदेशक उगवणार महिन्यातून दोनदा. हेलपाटे घालून नाकी नऊ आले की पोरं शेवटी इथे यायची. थांबबाई त्यांना आत बोलवायच्या, टेबलाशेजारच्या लाकडी स्टुलावर बसवायच्या, अर्ज वाचायच्या आणि खालच्या खणात टाकायच्या. “आठ दिवसांनी ये. मग बघू.”

हा नियम कुठल्याच पुस्तकात नव्हता. मधल्या आठ दिवसांत त्या घरी फोन करायच्या, हॉस्टेलच्या रेक्टरशी भांडायच्या, पोराला घेऊन स्वतः दुसऱ्या खिडकीसमोर उभ्या राहायच्या. निम्मी पोरं परत फिरकायचीच नाहीत, वर्गात जाऊन बसायची. ज्याला खरंच जायचं असेल त्याला मात्र त्या आठव्या दिवशी शिक्का मारून द्यायच्या आणि फाटकापर्यंत सोडायला जायच्या.

कारण विसाव्या वर्षी त्यांनी स्वतःच असा अर्ज दिला होता. वडील अंथरुणाला खिळले होते. कारकुनाने मान वर न करता शिक्का मारला. वडील दोन महिन्यांत हिंडूफिरू लागले, पण सुटलेलं शिक्षण सुटलंच. ‘का गं जातेस?’ एवढं जरी तो माणूस बोलला असता! त्याचा राग बाईंच्या मनातून कधीच गेला नाही, आणि त्यांनी जाऊही दिला नाही.

मग नवे संचालक आले आणि विद्यार्थी सेवांची पुनर्रचना निघाली. सगळे विभाग एका छपराखाली आणायचे, ही कल्पना काही वाईट नव्हती. थांबबाई दहा वर्षं हेच ओरडत होत्या. काचेच्या दारांचं मोठं दालन झालं. भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘हे तुमचंच घर आहे’. टोकन घ्यायचं, पडद्यावर नंबर बघायचा, काउंटरसमोर उभं राहायचं, सात मिनिटांत निघायचं. सोडून जाण्याचा अर्ज एका दिवसात निकाली.

“घर म्हणायचं आणि आलेल्याला उभं ठेवायचं, ही कुठली रीत?” बाईंनी भर बैठकीत विचारलं. सगळे हसले. संचालक हसले नाहीत.

त्याच आठवड्यात पहिल्या वर्षाची एक मुलगी आली. जाड चष्मा, हातात घडी घालून घालून मऊ पडलेला अर्ज. कारणाच्या जागी दोनच शब्द होते, ‘वैयक्तिक कारण’.

“वैयक्तिक म्हणजे काय गं?”

“म्हणजे वैयक्तिक. शिक्का मारा ना मॅडम. सगळेच फिरवतात, आता तुम्हीपण?”

“आठ दिवस थांब.”

मुलगी स्टूल सरकवून ताडताड निघून गेली. दुसऱ्या दिवशी बाई तिच्या हॉस्टेलवर गेल्या, तर तिने दारच उघडलं नाही.

सामान नव्या दालनात हलवताना बाईंचा खालचा खण उघडला गेला. आत एकोणीस अर्ज. संचालकांना आयतंच कोलीत मिळालं. दिरंगाईची नोटीस आली आणि सोबत टाइप केलेला माफीनामा. सही केली तर दालनात खुर्ची, नाही तर तळघरातली रेकॉर्ड रूम.

बाईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला लावलेलं भिंग न काढताच ते म्हणाले, “चार वर्षं राहिलीत नोकरीची. कर की सही, काय बिघडतंय?”

“तुमच्याकडे बंद पडलेलं घड्याळ आलं तर उघडून न बघता फेकता का हो?”

यजमानांनी भिंग काढलं आणि बायकोकडे पाहिलं.

बाईंनी सही केली नाही, म्हणून चौकशी समिती बसली. समितीपुढे एकोणीस अर्जांची चळत होती. सगळ्यात वर चष्मेवालीचा.

“हा सात दिवस पडून आहे,” संचालक म्हणाले. “आमच्यासमोर शिक्का मारा आणि विषय संपवा.”

“उद्या आठवा दिवस आहे.”

“एका दिवसाने काय फरक पडतो?”

“नाही ना पडत? मग थांबा.”

संचालकांनी शिक्का स्वतःच उचलला आणि तो तसाच हवेत राहिला. अर्जाखाली सही नव्हती. त्यांनी दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. एकावरही नव्हती.

“सही माझ्यासमोरच करायची असते, आणि पहिल्या दिवशी मी ती कुणाचीच घेत नाही,” बाई शांतपणे म्हणाल्या. “सही नाही तो अर्ज नाही, आणि अर्जच नाही तर दिरंगाई कसली? या एकोणीस जणांपैकी किती जणांना तुम्ही भेटलात, साहेब?”

माफीनामा बिनसहीचाच राहिला. दिरंगाईचा आरोप टिकला नाही, पण बदली करायला आरोप लागतो कुठे? दुसऱ्या दिवशी सकाळी बाई तळघरात होत्या. स्टूल मात्र त्या स्वतः उचलून घेऊन गेल्या होत्या.

दुपारी चष्मेवाली जिना उतरून आली. वरच्या दालनात टोकन घेऊन तिने चार नंबर शोधला होता, आणि ‘त्या कुठे गेल्या’ म्हणून चार जणांना विचारलं होतं. तिच्या पाठोपाठ संचालकही उतरले. हातात तिचा अर्ज होता आणि खिशात शिक्का.

“मॅडम, आज आठवा दिवस,” मुलगी म्हणाली.

“हो. बस.”

संचालकांनी अर्ज पुढे केला. “इथे सही कर. एका मिनिटाचं काम आहे.”

मुलीने पेन काढलं. “मॅडम, करू सही?”

बाईंना नको म्हणावं असं फार वाटलं. “ते मी सांगणार नाही. हवी तर कर, मी स्वतः तुला फाटकापर्यंत सोडीन. पण आधी सांग, वैयक्तिक म्हणजे काय?”

मुलीने पेनाला टोपण लावलं, चष्मा काढून ओढणीला पुसला आणि म्हणाली, “खूप मोठं आहे ते.”

संचालकांनी घड्याळ पाहिलं. थांबबाईंनी फायलींचा एक गठ्ठा पायाने त्यांच्याकडे सरकवला.

“बसायचं असेल तर बसा, साहेब. वेळ लागणार आहे.”