बारुदीचं माप आणि अगरबत्तीचे तांदूळ

"तुमची बारूद खराब हाये. बदलून द्या."

सोमाजी काकांनी डबा काउंटरवर आपटला, तशी मी मागे सरकले. बारुदीचा डबा कोणी असा आपटत नाही. भैयाजी, म्हणजे आमचे दुकानमालक, आतल्या टेबलावर एक नळी साफ करत होते. ते तेलकट हातांनीच बाहेर आले.

"काकाजी, सील आपके सामने तोड़ा था. खराब कैसे?"

"बंदूक लाथ मारते ना बाप्पा! हे पाहा." त्यांनी सदऱ्याची गुंडी काढून खांदा दाखवला. वांग्याच्या रंगाचा झाला होता.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमगावजवळच्या गावातून सकाळच्या पॅसेंजरने गोंदियाला यायचं, कॉलेज करायचं आणि दुपारनंतर या दुकानात काउंटर सांभाळायचं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बंदुकीच्या दुकानात मुलगी कशी, असं बऱ्याच जणांनी विचारलं. भैयाजींना परवाने नीट तपासणारं कोणी हवं होतं आणि मला काम हवं होतं.

सोमाजी काका इटियाडोह धरणाच्या कालव्यापलीकडच्या, जंगलाला लागून असलेल्या गावचे. त्यांच्याकडे पीक संरक्षणाचा परवाना आणि वडिलांच्या हातची भरमार बंदूक. या बंदुकीला काडतूस नसतं. नळीच्या तोंडातून बारूद ओतायची, वर कापडाचा बोळा घालायचा आणि गजाने, म्हणजे लांब सळीने, दाबायचा. मागच्या बाजूला निपल नावाचा छोटा पोकळ स्क्रू असतो. त्याच्यावर टोपी बसवायची. घोडा टोपीवर पडला की बार होतो. थोडक्यात, प्रत्येक बाराचं काडतूस माणूस घरी आपल्याच हाताने बनवतो. त्यात चूक झाली तर पकडायला कोणी नसतं. काका रानडुकरं मारत नव्हते. धान लोंबीवर आला की मचाणावरून नुसते आवाजाचे बार काढायचे, कळप पळून जायचा.

भैयाजींनी बंदूक उजेडात धरली. निपल बोटाने हलवून पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"इसके आटे ज़्यादा दाब से घिस गए हैं. ऐसे और बार निकाले, तो निपल उड़के सीधा आँख में आएगा. काकाजी, सच बताओ, गाँव की बारूद मिलाई?"

"मी कायले मिलवू?"

"तो फिर ज़्यादा भरी होगी."

"तुमच्याच दुकानातलं पितळी माप हाये. एकच माप भरतो. मी का खोटा बोलून राहिलो?" काकांचा आवाज चढला. "ते जाऊ द्या. मले खांद्याची गादी द्या आन् एक जाड गज द्या. परवापासून पोरगा बसते मचाणावर. त्याले तरी लागू नये."

कपाटात चामड्याची गादी होती. भैयाजींनी ती काढलीही. मी तिच्याकडे पाहत राहिले. गादीने खांदा वाचला असता. निपल तर तसंच राहिलं असतं, आणि त्याच्यासमोर त्या मुलाचा चेहरा. वर काही दुखत नाही म्हणून त्यांनी बिनधास्त बार काढले असते.

पण बोलावं की नाही? भैयाजी हा धंदा माझ्या जन्माच्या आधीपासून करत होते. काका बंदूक चालवत होते. मी फक्त रजिस्टर लिहीत होते.

"काकाजी," मी शेवटी म्हटलं, "तुम्ही माप कसं भरता, ते दाखवाल का?"

"कसं म्हंजे? भरतो तसं भरतो."

"बारूद नको. हे घ्या."

दुकानात देवाच्या फोटोपुढे एका ग्लासात अगरबत्ती खोचायला तांदूळ ठेवलेले होते. मी अगरबत्तीच्या काड्या बाजूला काढल्या आणि ग्लास पुढे केला. भैयाजी म्हणाले, "मॅडम, भगवान का चावल है." पण अडवलं नाही.

काकांनी खिशातून माप काढलं. पसरट, उथळ, वाटीसारखं. त्यांनी तांदूळ ओतले. काठाशी आले. थांबले नाहीत. आणखी ओतले, बोटांनी कडेने हलकेच सावरले, वर टोक आलं. मग चिमूटभर घेऊन त्या टोकावर ठेवले आणि माझ्याकडे पाहिलं. "झालं. एक माप."

ती चिमूट माझ्या ओळखीची होती. कारण माझी आई भात टाकताना हेच करते. मीही करते. आमच्या भागात धान मोजताना मापावर शीग लावतात. शीग म्हणजे काठाच्या वर येणारी रास. हात फिरवून सपाट केलेलं माप कोणी कोणाला देत नाही. दिलं तर वर्षभर बोलणं ऐकावं लागतं.

"काकाजी, ही शीग आहे."

"मंग? बिनाशिगीचं माप राहते का कुठं?"

भैयाजी हसायला लागले, मग एकदम थांबले. त्यांनी माप हातात घेतलं, वरची रास बोटाने कागदावर पाडली. उथळ मापावर शीग चांगलीच मोठी बसते. काकांनी कागदावरच्या ढिगाला बोट लावून पाहिलं.

"पण पयले काऊन नाई झालं? बाबाचं शिंगाचं माप होतं, त्यालेही मी असाच भरत होतो. फुटलं म्हणून तर तुमचं घेतलं."

मी विचारलं, "ते शिंग कोणी कापलं होतं?"

"बाबानंच."

"मग त्यांनी शीग धरूनच लहान कापलं असेल. शीग लावल्यावर बरोबर भरेल असं. हे माप कंपनीने सपाट भरण्यासाठी केलंय. त्यांना शीग माहीत नाही."

काकांनी पितळी माप हातात फिरवून पाहिलं. मग भैयाजींना म्हणाले, "आईकलं का? माहा बाप हुशार होता."

"वो तो दिख रहा है," भैयाजी म्हणाले. "आगे का सोचो."

आता प्रश्न सामानाचा होता. मी म्हटलं, सपाट भरा एवढं सांगून भागणार नाही. हात ऐकणार नाही, आणि मुलाचा हातही त्याच घरचा. भैयाजींनी वरच्या खणातून एक वेगळं माप काढलं. अरुंद, उभी नळी आणि वर फिरणारं छोटं नरसाळं. बारूद भरून नरसाळं फिरवलं की वरची जास्तीची आपोआप कापली जाते. काकांनी तांदूळ भरून त्याच्यावर शीग लावायचा प्रयत्न केला. नरसाळं फिरलं, शीग खाली.

"मोठा कंजूष हाये हा," काका म्हणाले.

गज जुनाच राहिला. फक्त बरोबर भरल्यावर तो नळीत जिथपर्यंत जातो, तिथे भैयाजींनी कानशीने खूण केली. खूण नळीच्या तोंडाबाहेर राहिली तर बारूद जास्त आहे, बार काढायचा नाही. निपल नवीन बसवलं. गादी परत कपाटात गेली. निघताना मी दारापर्यंत गेले आणि म्हटलं, "काकाजी, धानाले शीग द्या. बंदुकीले नोको."

"बरं माय," ते म्हणाले. पण त्यांना पुरतं पटलेलं वाटलं नाही.

धान कापून झाल्यावर ते पुन्हा आले. सोबत मुलगा होता, दोन्ही डोळे शाबूत, आणि गावातले आणखी दोन परवानेवाले.

"यायलेही तो कंजूष दाखव," काका म्हणाले. मग थैलीतून नवीन तांदूळ काढून माझ्या जेवणाच्या डब्यात घरच्या मापाने ओतायला लागले. डबा भरला, वर टोक आलं, त्यावर चिमूट.

"इथं चालते ना?"

"इथं चालते," मी म्हटलं.

त्या दिवसापासून आमच्या दुकानात नियम झाला. कोणतंही माप विकण्याआधी गिऱ्हाइकाला अगरबत्तीच्या ग्लासातले तांदूळ भरायला द्यायचे. भैयाजी आता ग्लास मोठा ठेवतात. परवाना तपासला की बंदूक कोणाची आहे ते कळतं. ती भरणारा हात कुठल्या खळ्यावर शिकला, ते कोणत्याही परवान्यावर लिहिलेलं नसतं.