सुध्याच्या नावापुढची हिरवी खूण

मंडळी, आज बांद्याच्या सुध्यामुळे मला जेवण गेलं नाही.

आम्ही दोघे मित्र एका सांकेतिक संदेशाची किल्ली शोधण्याच्या स्पर्धेत आहोत. जगभरातले हौशी लोक आपापल्या कॉम्प्युटरवर किल्ल्यांचा एकेक गठ्ठा तपासून निकाल कळवतात. निकाल बहुतेक एकच, आमच्या मालवणीत "गावाक नाय", म्हणजे सापडली नाही.

तपासलेल्या गठ्ठ्यांच्या यादीत सुध्या माझ्या कितीतरी पुढे. मला वाटलं, हा न बघताच कळवतोय. लहानपणी आई माळ्यावरची कोकमाची बरणी आणायला सांगायची, तेव्हा आम्ही दारातूनच "गावाक नाय" ओरडायचो. बरणी तिनेच ठेवलेली असायची, त्यामुळे लगेच पकडले जायचो.

मी संयोजकांकडे तक्रार ठोकली. तेही आईसारखेच निघाले. स्वतः किल्ली लपवलेले गठ्ठे त्यांनी सुध्याला गुपचूप पाठवले. पठ्ठ्याने सगळ्या किल्ल्या शोधून काढल्या. आज यादीत त्याच्या नावापुढे 'विश्वासू' अशी हिरवी खूण आली. माझ्या तक्रारीमुळे.

लगेच त्याचा फोन. "रे, माका हिरवी खूण इली. तुका गावली काय?"

मी माझं नाव दोनदा नीट बघितलं.

"गावाक नाय," म्हटलं.

तुमच्यापैकी कोणी माझीही तक्रार कराल का?